लेवीय १३ वाचताय तर १४ पण वाचा

बायबलच्या जुन्या करारातल्या (लेवीय, अनुवाद या पुस्तकांतल्या) शुद्ध-अशुद्धच्या नियमांवरून एक मेसेज सारखा फिरत असतो, की बघा हे नियम सांगणाऱ्या मोशेला साडेतीन हजार वर्षांपूर्वी जंतू माहीत होते, क्वारंटाइन बायबलनेच आणलं वगैरे. मी ख्रिस्ती घरातली, बायबल मनापासून वाचते, आणि तरी मला हे पटत नाही.

काही नियम आरोग्याचे वाटतात, मान्य. अनुवाद २३ मध्ये सांगितलंय की शौचाला इस्राएली लोकांच्या छावणीबाहेर जायचं, खणायला काहीतरी सोबत न्यायचं, खड्डा करायचा आणि वर माती लोटायची. एवढी माणसं तंबूत राहायची म्हटल्यावर याचा फायदा होणारच. पण कारण काय दिलंय तेही वाचा ना, छावणीतून परमेश्वर फिरतो, त्याला काही ओंगळ दिसू नये. रोगाचं नावसुद्धा नाही तिथे. लेवीय १२ मध्ये मुलगा झाला तर आईचे शुद्धीचे दिवस ४० आणि मुलगी झाली तर ८०, आता यात कुठला जंतू आला? आणि लेवीय १३ मध्ये कातडीवरच्या चट्ट्याचे नियम आहेत, तिथे तर चट्टा डोक्यापासून पायापर्यंत सगळ्या अंगभर पसरून कातडी पांढरी झाली तर तो माणूस शुद्ध! संसर्गाचा हिशोब असता तर उलटं असतं. हे नियम देवाच्या मंडपाजवळ, म्हणजे उपासनेच्या तंबूजवळ, कोण येऊ शकतो याचे आहेत, ते तसेच वाचावेत. विज्ञानाचं सर्टिफिकेट मिळालं नाही म्हणून बायबल लहान होत नाही.

मला जे खूप मोठं वाटतं ते वेगळंच आहे. चट्टा दिसला की लगेच हाकलायचं नाही. शंका असेल तर सात दिवस वेगळं ठेवा, पुन्हा बघा, अजून सात दिवस, पुन्हा बघा, चट्टा फिका पडला असेल तर कपडे धुऊन घरी. ज्याला बाहेर काढलं त्याच्यासाठी अख्खा १४ वा अध्याय आहे, तो बरा झाला की याजकाने म्हणजे पुरोहिताने स्वतः छावणीबाहेर जाऊन त्याला तपासायचं, परत आत घ्यायचं. अर्पणाला तीन कोकरं लागतात पण गरीब असेल तर एक कोकरू आणि दोन पारवे चालतील. परत येण्याचा रस्ता गरिबाला परवडेल असा ठेवलाय, हे वाचून मला दर वेळी भरून येतं.

आणि आपण काय उचललं? फक्त ‘छावणीबाहेर’. तोच चट्टा कपड्यांना आणि घराच्या भिंतींना पण पडतो असं तिथेच लिहिलंय, म्हणजे तो आजचा कुष्ठरोग धरताच येत नाही, हॅन्सन या डॉक्टरने १८७३ मध्ये शोधलेला कुष्ठरोगाचा जंतू भिंतीला लागत नाही. तरी मराठी बायबलमध्ये हे अध्याय वाचून लोक कुष्ठरोग्यालाच अशुद्ध समजतात. १९८१ पासून एमडीटी म्हणजे अनेक औषधं एकत्र देण्याचा उपचार आहे, गोळ्या फुकट मिळतात, सहा महिने ते वर्षभर घेतल्या की माणूस बरा होतो. तरीही जोडीदाराला कुष्ठरोग झाला म्हणून घटस्फोट मागायची सोय आपल्या कायद्यात २०१९ पर्यंत होती, हिंदू विवाह कायद्यात होती तशी आम्हा ख्रिस्ती लोकांच्या घटस्फोट कायद्यातही होती!! औषध येऊन अडतीस वर्षं झाली होती तेव्हा. बरं झालेल्याला आत घ्या असं स्पष्ट लिहिलेलं पुस्तक आमच्या घराघरात होतं, तरी हे कलम काढा म्हणून आम्ही मंडळ्यांनी (चर्चनी) सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्याने ओरडायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

माझ्या ओळखीचे पाळक (चर्चचे धर्मगुरू) ही पोस्ट वाचत असतील तर विनंती आहे, १३ वा अध्याय वाचाल त्याच रविवारी १४ वा पण वाचा, वेळ लागला तरी चालेल, आम्ही बसतो.