ऐकलं एकानं, निकाल लिहिला दुसऱ्यानं

तहसीलदार आणि प्रांत (उपविभागीय अधिकारी) यांनी कोर्टासारखे निकाल द्यावेत की नाही, या वादात मला फारसा रस नाही. फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलाची, प्रत्येक तक्रार दिवाणी न्यायालयात गेली तर तिथली रांग हलायचीच नाही. माझा आक्षेप आदेश कसे लिहिले जातात याला आहे.

कुठलाही महसुली आदेश काढून बघा. पहिली तीन पानं अर्जदाराचं म्हणणं, जाबदेणाऱ्याचं म्हणणं, मंडळ अधिकाऱ्याचा अहवाल, सगळं जसंच्या तसं उतरवलेलं. मग एकच ओळ: 'अर्जदाराचे म्हणणे संयुक्तिक वाटत नाही, सबब अर्ज फेटाळण्यात येत आहे.' का वाटत नाही? वाटपपत्र नोंदणीकृत नव्हतं म्हणून? की सगळ्या वारसांना नोटीस बजावली होती असं धरलं? पत्ता नाही. आणि ही कारणं मागाहून प्रतिज्ञापत्रात घालून आदेश सावरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं मोहिंदरसिंग गिल प्रकरणात १९७७ सालीच सांगून ठेवलंय.

त्याहून वाईट प्रकार बदल्यांच्या हंगामातला. रोजनाम्यावर, म्हणजे प्रकरणाच्या तारीखवार कामकाजाच्या नोंदीवर, शेरा पडतो, 'युक्तिवाद ऐकला, प्रकरण निकालासाठी बंद.' साहेबांची बदली होते. नवे साहेब अव्वल कारकुनानं केलेला मसुदा वाचून सही ठोकतात. (साहेबांनाच काय बोलायचं, सुनावणीच्या दिवशीच पंचनामे आणि निवडणुकीची बैठक असते.) आंध्रातल्या बसमार्गांच्या राष्ट्रीयीकरणावरच्या हरकती सचिवांनी ऐकल्या आणि निर्णय मुख्यमंत्र्यांनी दिला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय उडवला होता. गुल्लापल्ली नागेश्वर राव प्रकरण, १९५८. ऐकणारा एक आणि ठरवणारा दुसरा असेल तर सुनावणी हा नुसता उपचार उरतो.

म्हणून तोंडी युक्तिवादावर विसंबू नका. मुद्द्यांना क्रमांक देऊन लेखी युक्तिवाद द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेसह पोच घ्या. अधिकारी बदलला की त्याच आठवड्यात फेरसुनावणीचा अर्ज टाका. रोजनाम्याची नक्कल मागा. कोणत्या तारखेला कोणी ऐकलं, हे तिथेच सापडतं. तहसीलदारांच्या आदेशावर प्रांतांकडे अपील, मुदत आदेश हाती पडल्यापासून ६० दिवस. आदेश टपालानं आला असेल तर पाकीट फेकू नका, तारखेचा पुरावा तोच.

एवढं करून अपील जिंकलात तरी बदलते ती फक्त नोंद. मालकीचाच वाद असेल तर दिवाणी दाव्याला पर्याय नाही, आणि हे अपिलाचा खर्च करायच्या आधी वकिलानं सांगायला हवं.