फळे सुकली म्हणून बुंध्यात खिळे ठोकू नका

सध्या एक संदेश मोबाइलवर फिरतो आहे. ‘फळे सुरकुतून काळी पडत असतील तर झाडाला लोह कमी पडते आहे असे समजा, बुंध्यात लोखंडी खिळे ठोका, मुळाशी चुना घाला, रोज भरपूर पाणी द्या आणि सुकलेली फळे खत म्हणून झाडाखालीच पुरा.’ माझ्या थोरल्या बहिणीने तो खरा मानला. परवा तिच्या परसातले डाळिंब पाहिले, तर मनगटाएवढ्या बुंध्यात ७ खिळे होते आणि प्रत्येकाभोवतीची साल तपकिरी, ओलसर झाली होती. ते पाहून गप्प बसवले नाही.

लोह कमी पडल्याची खूण आधी कोवळ्या पानांवर दिसते: पान पिवळे पडते, शिरा मात्र हिरव्या राहतात. ताईच्या झाडाची शेंड्याकडची पाने चांगली हिरवीगार होती, म्हणजे निदानच चुकले होते. समजा लोह खरोखर कमी असते, तरी खिळ्याचा गंज पाण्यात विरघळत नसल्याने झाडाच्या उपयोगी पडत नाही. झाडाला मिळते ती केवळ जखम. अमेरिकेच्या वनसेवेतील अ‍ॅलेक्स शिगो यांनी असंख्य खोडे उभी चिरून आतली कूज पाहिली आणि १९७७ मध्ये दाखवून दिले की झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड तिच्याभोवती आतून भिंत घालून तो भाग वेगळा पाडते, आणि तेवढे लाकूड कायमचे निकामी होते. मनगटाएवढ्या खोडात अशा ७ जागा म्हणजे थोडे नुकसान नव्हे. त्यातही डाळिंबाच्या मर रोगाची सेराटोसिस्टिस ही बुरशी जखमेतून खोडात शिरू शकते, आणि एकदा शिरली की अनेकदा अख्खे झाड जाते.

चुन्याचा सल्ला तर याच संदेशाला खोटे पाडतो, कारण चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. लोहासाठी खिळे ठोकायचे आणि चुना घालून तेच लोह अडवायचे, याला उपाय म्हणता येणार नाही.

पाण्याचा मुद्दा अर्धा खरा आहे, हे मान्य करायला हवे. पाण्याचा ताण पडला की फळे सुरकुततात. पण सतत चिंब मातीत मुळे गुदमरून कुजतात आणि तेव्हाही झाड तहानलेल्यासारखेच मलूल दिसते. म्हणून आधी वीतभर माती उकरून ओल पाहावी.

राहिली सुकलेली फळे. त्यांतली ३ मी चिरली. दोन फळांच्या सालीला बारीक गोल भोक होते, भोकाशी विष्ठा चिकटलेली होती आणि आत दाणे पोखरून काळे पडले होते. एकात अळी अजून जिवंत होती. हे फळ पोखरणाऱ्या अळीचे काम. तिचे फुलपाखरू फुलांवर आणि कोवळ्या फळांवर अंडी घालते, आणि अळीने पाडलेल्या भोकातून जिवाणू व बुरशी आत शिरून फळ कुजवतात. अशी फळे झाडाखाली पुरणे म्हणजे कीड आणि रोग दोन्ही पुढच्या बहारासाठी राखून ठेवणे. ताईने पुरलेली फळे आम्ही दोघांनी उकरून काढली, झाडावरचीही उतरवली आणि सगळी जाळून टाकली. येत्या बहाराला फळे लिंबाएवढी होण्याआधीच त्यांना कापडी पिशव्या बांधायचे ठरले आहे.