सगळे कुर्द म्हणजे पीकेके नव्हेत

राज्यसेवेची तयारी करणाऱ्या माझ्या भाचीने एक फॉरवर्ड पाठवून विचारलं, 'मामा, हे नोट्समध्ये घेऊ का?' त्यात तीन दावे: तुर्कस्तानने सीमेपलीकडच्या, म्हणजे इराक-सीरियातल्या कुर्दांशी कधीच हात मिळवला नाही, कुर्द म्हणजेच पीकेके (तुर्कस्तानशी सशस्त्र लढा दिलेली कुर्दी संघटना), आणि सीरियातल्या कोबानी या कुर्दी शहराच्या वेढ्यात तुर्कस्तानने कुर्दांपर्यंत मदत पोहोचूच दिली नाही. अजिबात घेऊ नकोस, म्हटलं.

'कधीच नाही'ला तुर्कस्तानातल्या दियारबाकिर या कुर्दबहुल शहरातली नोव्हेंबर २०१३ची सभा पुरेशी आहे. इराकी कुर्दिस्तानचे अध्यक्ष मसूद बारझानी कुर्दी पोशाखात तुर्कस्तानचे तेव्हाचे पंतप्रधान एर्दोआन यांच्या शेजारी उभे होते आणि ३७ वर्षं परदेशात काढलेला कुर्दी गायक शिवान पेरवेर तिथे गायला. पुढच्याच वर्षी बगदादचा विरोध डावलून इराकी कुर्दांचं तेल तुर्कस्तानच्या जेहान बंदरातून बाहेर जाऊ लागलं.

दुसरा दावा नुसता चूक नाही, घातक आहे. इराकमधल्या हलब्जा या कुर्दी गावात १६ मार्च १९८८ रोजी सद्दामच्या विमानांनी विषारी वायू सोडून हजारो माणसं मारली. ती काय पीकेकेची होती? १९९१चं इराकी कुर्दांचं बंड फसल्यावर लेकरं-म्हातारी घेऊन बर्फातून तुर्की सीमेवर आलेले लाखो लोक कोण होते? उलट नव्वदच्या दशकात बारझानींचा पक्ष तुर्की लष्कराच्या बाजूने पीकेकेशी लढला. एवढं असून सगळ्यांवर एकच शिक्का मारला, की २०१८मध्ये तुर्की मोहिमेमुळे सीरियातल्या अफ्रीनमधून घरदार सोडून पळालेली लाखावर साधी माणसंही आपोआप दहशतवादी ठरतात. असा मजकूर पुढे ढकलणाऱ्यांचा मला संताप येतो.

कोबानीचं अर्धं खरं आहे, मान्य करतो. २०१४च्या शरदात तुर्की रणगाडे सीमेवर उभे राहून 'इसिस'चा वेढा बघत होते. पण ऑक्टोबरअखेर पेशमर्गांची, म्हणजे इराकी कुर्दांच्या सैनिकांची तुकडी तोफांसह तुर्कस्तानातूनच कोबानीत गेली, हे फॉरवर्डमध्ये सोयीने गाळलंय.

तुर्कस्तानचं कुर्दांबद्दलचं धोरण हलतं ते मुख्यतः राजधानी अंकारातल्या राजकारणामुळे. २०१५च्या जुलैत पीकेकेशी चाललेली बोलणी मोडली, एर्दोआन यांनी कट्टर तुर्की राष्ट्रवाद्यांचा हात धरला आणि त्यानंतर सीरियात एकामागून एक मोहिमा झाल्या. त्याच राष्ट्रवाद्यांचे नेते बाहचेली यांनी ऑक्टोबर २०२४मध्ये पीकेकेच्या तुरुंगातल्या संस्थापकाला, ओजालानला, संसदेत येऊन बोलण्याची वाट मोकळी करायची तयारी दाखवली. मे २०२५मध्ये पीकेकेने विसर्जन जाहीर केलं. आणि २०१७ला इराकी कुर्दांनी स्वातंत्र्याचं सार्वमत घेतलं, तेव्हा एर्दोआन यांनी तेलाची तोटी बंद करण्याची धमकी दिली होती. पण तेव्हा तेल जेहानला जातच राहिलं.