मला माझा टोफू खाऊ द्याल का?

न्यू जर्सीत राहून मापो टोफू खायचा तर आधी आपल्याच मंडळींकडून परवाना काढायचा का? चीनमधल्या चेंगदू शहराचा, सोयाच्या पनीरचा पदार्थ, लालभडक तेल, आंबवलेल्या मिरचीचा तो वास, शेजारी वाफाळता भात. मी पहिला घास उचलते आणि उलटतपासणी सुरू! “ह्यात खिमा आहे?” आहे. “मग टोफू कशाला?” अहो, पोट कुणाचं? “मंचुरियन नाही का इथे?” नाही! ते मुंबईचं, १९७५ च्या सुमारास नेल्सन वांग या शेफनी काढलेलं; चीनच्या बापालाही ठाऊक नाही. तरी वेटरला ‘ट्रिपल शेजवान’ समजावणं चालूच. तो बिचारा गरम पाणी आणून ठेवतो.

मग कुणीतरी माझ्याच वाटीतला सिचुआन मिरीचा दाणा चावून किंचाळतं, “जीभ बधिर झाली!” होणारच! तिरफळाचा चुलतभाऊ आहे तो. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ पडलं की “आहाहा”, आणि इथे एकदम विषबाधा?

एवढी नाकं मुरडून प्रत्येकाला “जरा चाखायला” हवंच. माझ्या वाटीत उरतं काय? तेल! आणि बिल? ते मात्र सगळ्यांत समान वाटून!