मेंदूची कॉपी झालेली नाही, तो मेसेज पुढं पाठवू नका

सांगलीत पालकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. एआय म्हणजे माणसाच्या मेंदूची हुबेहूब कॉपी, शास्त्रज्ञांनी मेंदू पूर्ण उलगडलाय, चिपमधे खरा मेंदू बसवलाय, त्यामुळं पोरांना सायन्सला घालून आता उपयोग नाही. चारही गोष्टी चूक आहेत.

आधी कॉपीचं बघू. न्यूरॉन म्हणजे मेंदूतली पेशी, पण चॅटबॉटच्या आत ज्याला न्यूरॉन म्हणतात ते निव्वळ गणित असतंय, आकडे घ्यायचे, गुणायचे, बेरीज करून पुढं ढकलायचे. 1943 ला मॅक्युलक आणि पिट्स या दोन संशोधकांनी ही कल्पना मांडली, 1958 ला रोझेनब्लॅटनं पर्सेप्ट्रॉन, म्हणजे अशा गणिती न्यूरॉनचं शिकू शकणारं पहिलंवहिलं साधं रूप आणलं. मेंदूवरनंच सुचलं हे खरंय, पण सुचणं वेगळं आणि कॉपी वेगळी. असे गणिती न्यूरॉन जोडून केलेलं नेटवर्क शिकतंय ते उत्तर चुकलं की ती चूक उलटी मागं नेत आतला एकेक आकडा जरा जरा बदलून, आणि आपला मेंदू असंच करतो हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही.

मेंदू उलगडला म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. माणसाच्या मेंदूत साधारण 86 अब्ज न्यूरॉन आहेत, आणि 2024 ला ज्या अख्ख्या मेंदूचा नकाशा छापून आला तो फळमाशीचा होता, जवळपास 1,39,000 न्यूरॉनचा. त्याहून साधा जीव घ्या, सी. एलिगन्स नावाचा मिलिमीटरभर जंत, फक्त 302 न्यूरॉन, जोडण्यांचा नकाशा 1986 पासून हातात आहे, तरी त्याचं सगळं वागणं कॉम्प्युटरवर उतरवता आलेलं नाही. मेंदूशास्त्रज्ञ हेन्री मार्करमनी 2009 ला दहा वर्षांत कॉम्प्युटरवर माणसाचा मेंदू तयार करू शकतो असं जाहीर सांगितलं होतं, मग 2013 ला युरोपनं ह्यूमन ब्रेन प्रोजेक्ट काढला, तो 2023 ला संपला. त्यातनं मेंदूचे चांगले नकाशे आणि कामाची साधनं मिळाली, पण चालता मेंदू नाही.

चिपचं थोडक्यात. आयबीएमची 2014 ची ट्रूनॉर्थ नावाची चिप 10 लाख न्यूरॉनची नक्कल करायची, तीपण सिलिकॉनचीच, जिवंत पेशी एकही नाही. आपण वापरतो ते चॅटबॉट त्यावर चालतच नाहीत, ते जीपीयूसारख्या, म्हणजे एकाच वेळी ढीगभर गणितं करणाऱ्या चिपवर चालतात. जिवंत पेशींचा प्रयोग वेगळाच आहे, मेलबर्नमधे 2022 ला बशीत वाढवलेल्या मेंदूच्या पेशींना पाँगसारखा, म्हणजे चेंडू फळीनं परतवायचा साधा व्हिडिओ गेम खेळायला शिकवलं, बास एवढंच.

राहिलं सायन्स. ह्यूबेल आणि वीझल या शास्त्रज्ञांनी मांजराच्या मेंदूत नजरेच्या पेशी तपासल्या, त्यावरनं जपानच्या फुकुशिमांनी 1980 ला निओकॉग्निट्रॉन नावाचं आकार ओळखणारं नेटवर्क केलं, आणि फोटो ओळखणारी आजची नेटवर्क त्याच वाटेनं आलीत. हे बायोलॉजी शिकलेल्या माणसांमुळंच झालंय. विश्रामबागेतल्या आमच्या ओळखीच्या एका दहावीच्या पोरीनं तो मेसेज वाचून बायो सोडायचं ठरवलं होतं, तिला मी मॅथ्स आणि बायो दोन्ही ठेव म्हणून सांगितलंय.