दुखायचं थांबलं म्हणजे कंबर बरी झाली असं नसतं

परत तोच मेसेज आला, यावेळी तीन ग्रुपवर. "कंबर दुखते कारण पोट कमजोर, रोज 100 क्रंचेस मारा. तोलाबिलाचा कमरेशी काही संबंध नाही. दुखायचं थांबलं की स्नायू आपोआप पहिल्यासारखे होतात." तीन मुद्दे आणि तिन्हीत गडबड.

पोट कमजोर म्हणे. अहो ताकदीइतकाच टायमिंगचा घोळ असतो. आत्ता उभे रहा, एका हाताची बोटं कमरेत मणक्याच्या बाजूला दाबून ठेवा आणि दुसरा हात झटकन समोरून वर न्या. बोटांखाली काहीतरी ताठ झालं ना? हात हलला की शरीराचा तोल हलणार हे मेंदूला माहीत असतं, म्हणून तो आधीच कंबर आवळून ठेवतो, आणि पोटाचा सगळ्यात आतला, पट्ट्यासारखा गुंडाळलेला स्नायू तर खांद्याच्याही आधी जागा होतो. हॉजेस आणि रिचर्डसन या संशोधकांनी 1996 मधे कंबरदुखीवाले 15 आणि न दुखणारे 15 घेऊन हे मोजलं, तर दुखणाऱ्यांचा हा स्नायू उशिरा येत होता. उशीर डोळ्याला दिसणार नाही इतका, पण सावरायला वेळ तरी तेवढाच असतो. क्रंचेसने पोट दणकट होईल, वेळेवर यायची सवय कशी लागणार? (म्हणून तो एकच स्नायू धरून बसा असंही नाही हां, ते कोअरवाल्यांचं (पोट-कमरेच्या आतल्या स्नायूंचे व्यायाम सांगणाऱ्यांचं) वेगळंच खूळ, बाकीच्या व्यायामांपेक्षा त्याने फार फरक पडतो असं काही दिसलेलं नाही.)

तोलाचं म्हणाल तर, अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे समजून पाय टाकला आणि ती नव्हतीच, तेव्हा कंबर आणि खुबा पटकन हलून आपल्याला सावरतात. दुखरी कंबर नेमकं हेच टाळते, स्वतःला कडक धरून ठेवते आणि सगळा भार घोट्यांवर ढकलते. सपाट जमिनीवर डोळे उघडे असताना काही कळत नाही, डोळे मिटून अरुंद फळीवर उभं राहिलं की कळतं. सगळ्यांचंच असं होतं असं नाही, पण "काही संबंध नाही" हे साफ चूक.

आणि आपोआप पहिल्यासारखं होण्याबद्दल. मणक्याला चिकटून मल्टिफिडस नावाचा छोटा स्नायू असतो, दुखऱ्या बाजूला तो बारीक होतो. पहिल्यांदाच कंबर धरलेल्या 39 जणांवर हाइड्स वगैरे संशोधकांनी काम केलं, तेही 1996 चंच. एका गटाला या स्नायूचा व्यायाम दिला, दुसऱ्याला नाही. महिन्याभरात दोन्ही गटांचं दुखणं बहुतेक गेलं, पण मल्टिफिडस नीट भरला तो व्यायाम केलेल्यांचाच, बाकीच्यांचा 10 आठवड्यांनीही नाही! पुढच्या वर्षभरात परत कंबर धरली ती व्यायामवाल्यांपैकी 30 टक्क्यांची, दुसऱ्या गटात 84 टक्क्यांची. गट छोटे होते, मान्य, पण "आपोआप" हा शब्द मेसेजमधून काढाच.

एक मात्र वेगळं. तोल जातोय आणि सोबत पायातली ताकद गेली, बसायची जागा बधिर झाली किंवा लघवीवर कंट्रोल राहिला नाही, तर व्यायाम वगैरे सगळं बाजूला, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.