‘आपली मुलं बारीकच असतात’ म्हणून काटा सोडू नका

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. अंगणवाडीतला वाढीचा तक्ता गोऱ्या मुलांवर बेतलेला आहे, आपली मुलं जात्याच बारीक, तक्त्याच्या मधल्या रेषेखाली असलेलं मूल अशक्त नसतं, आणि मूल हसतंखेळतं असेल तर दर महिन्याला वजन कशाला, असं त्यात म्हटलंय.

गोऱ्या मुलांवर? अंगणवाडीतला तक्ता जागतिक आरोग्य संघटनेचा, २००६ चा. त्यासाठी ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि भारत अशा सहा देशांतली मुलं मोजली होती. आपल्याकडची दक्षिण दिल्लीची. अंगावर पिणारी, आई धूम्रपान न करणारी, घरची परिस्थिती बरी असलेली. उंचीतल्या एकूण फरकात देशादेशांचा वाटा जेमतेम ३ टक्के निघाला, एकाच ठिकाणच्या मुलामुलांमधला ७० टक्के.

‘जात्याच बारीक’ला उत्तरही तेच. आईबाप बुटके म्हणून मूल बुटकं, हे काही घरांत खरं असेल. पण कित्येक आईबापांची स्वतःचीच वाढ लहानपणी खुंटलेली असते, ते कोण धरणार?

‘खेळतंय ना, मग झालं’ हा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो. वाढ मंदावली की आधी वजन थबकतं, उंची मागाहून, आणि रोज डोळ्यांसमोर असलेल्या मुलात ते घरच्यांना दिसतच नाही. एक वर्षाच्या मुलग्याचं मधलं वजन ९.६ किलो, कमी वजनाची रेषा ७.७ ला. वर्षाला ८.२ किलोचा, पण पहिल्यापासून त्याच वाटेनं चढत आलेला मुलगा ठीक आहे. नवव्या महिन्यात ९ किलो आणि वर्षालाही ९च, असा मुलगा तक्त्यावरच्या हिरव्या, म्हणजे ठीक वजनाच्या, पट्ट्यात असूनही डॉक्टरांना दाखवावा. एका वजनानं हा फरक कळत नाही, त्यासाठी दर महिन्याचे ठिपके जोडावे लागतात.

मधल्या रेषेखाली म्हणजे अशक्त नव्हे, हे मात्र त्या मजकुरात बरोबर आहे. निम्मी निरोगी मुलं तिच्याखालीच असणार. शेजारच्या बाळाशी तुलना करणाऱ्या आजीलाही हे सांगायला हवं.

आणि भारतीय मुलांचाच तक्ता हवा असेल तर तोही आहे. ५ ते १८ वर्षांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, म्हणजे आयएपीनं, २०१५ साली काढलेला. पाच वर्षांखाली मात्र हीच संघटना जागतिक आरोग्य संघटनेचा तक्ता वापरायला सांगते.